मंगलाष्टकांना शेरवानीच का? धोतर-उपरणं कुठं गेलं?

कोथरूडकर काका
यंदाच्या मोसमात नात्यातल्या बऱ्याच लग्नांना हजेरी लावली. एकाही मांडवात नवरदेव धोतरात दिसला नाही. नवरी नऊवारीत, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, हातभर हिरवा चुडा. आणि शेजारी हे महाशय: मोतिया शेरवानी, खांद्यावर मखमली ओढणी, कमरेला भाड्याची तलवार. कपाळावर मुंडावळ्या होत्या म्हणून ओळखू आला, नाहीतर दिल्लीची एखादी वरात रस्ता चुकली की काय असं वाटलं असतं.

आपल्याकडे विधीला न शिवलेलं वस्त्र नेसायची रीत आहे. सोवळं, मुकटा, काही नाही तर साधं रेशीमकाठी धोतर आणि अंगावर उपरणं. कन्यादान, लाजाहोम ही सगळी कामं पाटावर मांडी घालून, होमाशेजारी बसून करायची. तंग चुडीदारात मांडी घालून दाखवा! मागच्या लग्नात नवरदेव पाटावर टेकला आणि शिवण टर्रकन उसवली. गुरुजींनी मंत्र न तोडता स्वतःचा पंचा त्याच्या मांडीवर टाकला. पुढे सप्तपदीच्या आधी शालूच्या पदराला गाठ मारायची, तर त्या जाड मखमलीची गाठच बसेना. शेवटी करवलीनं सेफ्टी पिन लावली आणि सात राशींवरून दोघं पिनेच्या भरवशावर चालली.

रिसेप्शनला काय हवं ते घाला. अक्षता पडून विधी उरकेपर्यंत तरी धोतर नेसायला हरकत काय?

बाशिंगराव
काका, ‘आपल्याकडे’ म्हणजे नक्की कुणाकडे? आमच्या गावात सोवळं-मुकटा कुणी लग्नात पाहिलेला नाही. आजोबांच्या वेळी धोतर, वर शिवलेला सदरा, डोक्याला फेटा आणि फेट्यावर बेगडी, आरसे लावलेलं बाशिंग. अक्षतांच्या आधी परण्या निघायचा, मारुतीला नारळ फोडून मांडवात यायचा. सोवळं ही चार घरांची रीत. तीच अख्ख्या महाराष्ट्राची म्हणून पुढे करू नका.

कोथरूडकर काका
धोतर तुमच्याकडेही होतंच की. मी तेच म्हणतोय.

बाशिंगराव
होतं, कारण रोजच्याला तेच नेसायचे. लग्नात नवं कोरं नेसायचे, एवढाच फरक. शेताला धोतर, बाजाराला धोतर, लग्नाला धोतर. आता रोजच्याला जीन्स आहे, म्हणून लग्नाला काहीतरी वेगळं.

लातूरचा
शेरवानी दिल्लीहून आली म्हणता, तर जरा मराठवाड्याकडं बघा. १९४८पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात. दरबारात, कचेरीत, उस्मानिया विद्यापीठात शेरवानी चालायची, हिंदू-मुसलमान सगळ्यांना. आणि त्यासाठी लागणारं सुती-रेशमी हिमरू कापड विणलं जायचं ते औरंगाबादेत. आमच्या पणजोबांचा लग्नातला फोटो आहे, शेरवानी अन् वर मुंडावळ्या. आता सांगा, ती परंपरा कुणाची? पुण्यात दिसली नाही म्हणजे महाराष्ट्रात नव्हती असं थोडंच आहे.

कोथरूडकर काका
तो निजामाच्या कचेरीचा पोशाख. नोकरीचा वेश आणि विधीचा वेश यात फरक करायला नको का?

लातूरचा
मग तुमची पगडीही डोक्यावरून उतरवा. तीसुद्धा दरबारात नि कचेरीत मिरवायचीच वस्तू होती.

रिकामा ताक्या
पगडीचा विषय निघालाच आहे तर, पुणेरी पगडीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि २०१८मध्ये शरद पवारांनी पुण्यातल्या सभेत कार्यकर्त्यांना सांगितलं की यापुढे पुणेरी नको, फुले पगडी घाला. तेव्हा टोप्या-पगड्यांच्या भानगडीत न पडता बोडक्यानं लग्न लावावं हे बरं.
अवांतर: बफेत मठ्ठा का मिळत नाही हल्ली, यावरही कुणीतरी धागा काढा.

जुना अल्बम
सगळेच शेरवानी विरुद्ध धोतर करताय. मधली पिढी कुठं गेली? साठ-सत्तरच्या दशकातले कुठलेही शहरी लग्नाचे अल्बम काढा. नवरदेव टेरिकॉटच्या सुटात, रुंद टाय, मुंडावळ्या टायवर लोंबतायत. पुढे सफारी आली. म्हणजे शेरवानीनं जागा घेतली ती बहुतेक घरांत सुटाची. काका, तुमच्या स्वतःच्या लग्नात तुम्ही काय घातलं होतं?

कोथरूडकर काका
विधीला सोवळं, नंतर सूट. अल्बम आहे, हवा तर फोटो टाकतो.

जुना अल्बम
टाकाच. सुटाचासुद्धा.

वऱ्हाडी ठेचा
माझा विरोध वेगळा आहे. आमच्याकडे लग्नं एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळीसला टेकलेला. त्यात अस्तर लावलेली, टिकल्या जडवलेली शेरवानी घालून पोरगं घोड्यावर दोन तास. एकाला मांडवाच्या दारातच भोवळ आली, साखर-मिठाचं पाणी पाजून उभा केला. सुती धोतरात वारा तरी लागतो. नागपुरी रेशीमकाठी धोतरं एकेकाळी नावाजलेली होती, इथले कोष्टी विणायचे. परंपरा राहू द्या बाजूला, उन्हाळ्याकडं बघून तरी नेसा.

नथीचा आकडा
काकांच्या पहिल्याच परिच्छेदात उत्तर आहे, पण ते त्यांना दिसलेलं नाही. नवरी नऊवारीत, नथीत, चुड्यात. तिला कुणी विचारलं का, की बाई तुला मांडी घालता येतेय का? नथ टोचते, खोपा ओढतो, शालूचं वजन खांद्यावर, अष्टपुत्री नेसून झाली की मग शालू, मग पुन्हा रिसेप्शनची साडी. तिनं अंगभर मराठीपण वागवायचं, त्यानं कॅटलॉग बघून पोशाख निवडायचा. मी स्वतः नवऱ्याला सांगितलं होतं, मी नऊवारी नेसणार असेन तर तू धोतर नेसायचं, नाहीतर दोघंही साध्या कपड्यात. मुकाट नेसला.

आता खर्चाचं. कितीतरी घरांत मुलाचा ‘पोशाख’ मुलीकडचे घेतात. शालू मुलाकडचे, पोशाख मुलीकडचे, ऐकायला बरोबरी वाटते. पण बोलणी करताना ‘आम्हाला काही नको, फक्त मुलाचा पोशाख चांगला करा’ असं जे म्हणतात ना, त्या ‘चांगला’मध्ये शेरवानी, मोजडी, घड्याळ, अंगठी सगळं येतं. हुंड्यावर १९६१पासून कायद्यानं बंदी आहे, म्हणून तो आता पोशाखाच्या पिशवीतून येतो. धोतर नेसलं तर निदान आकडा तरी खाली येईल.

बाशिंगराव
ताईंशी शंभर टक्के सहमत. फक्त धोतरानं आकडा कमी होईल हे विसरा. हल्ली पैठणीचं सोवळं, जरीचं उपरणं, त्यावर फेटेवाला, असा ‘पेशवाई लुक’ विकतात. शेरवानीपेक्षा महाग पडतो.

निळी शाई
हा सगळा वाद एकाच पद्धतीच्या लग्नाभोवती फिरतोय. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरांत लग्न बौद्ध पद्धतीनं लागतं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती, त्रिशरण, पंचशील, दोघांच्या अंगावर पांढरे कपडे. होम नाही, त्यामुळे पाटावर मांडीचा प्रश्नच नाही. त्याही आधी, १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी पुण्यात भटजीशिवाय लग्न लावून दाखवलं. ती माणसंही मराठीच होती. आता आमच्यातही पांढऱ्या कुर्त्याच्या जागी शेरवानी येऊ लागलीय. मलाही ती खटकते, पण काकांच्या कारणासाठी नाही. साधेपणा जातोय म्हणून.

कोथरूडकर काका
निळी शाई, तुमचं खटकणं मला पोचलं. पण लातूरकरांना आणि अल्बमवाल्यांना एक विचारतो. परंपरा बदलतच आली हे ठीक. पण बदलताना निदान आपल्याला काहीतरी आवडलं म्हणून बदलावं ना? इथे दुकानदार पुतळ्याला जे घालतो ते पोरं घालतात. धोतर नेसता येत नाही ही खरी अडचण आहे, ती कुणी कबूल करत नाही.

कासोटा
मी करतो कबूल. मला येत नव्हतं, म्हणून शिवलेलं, इलॅस्टिकवालं घेतलं. बाहेरून कुणाला कळत नाही. पण खरं नेसायला फार अवघड नाही. दोन टोकं सारखी धरून कमरेला गाठ घट्ट मारायची, उजवं टोक पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचायचा, डाव्याच्या निऱ्या घालून पुढे खोचायच्या. सुटतं ते गाठ सैल राहते म्हणून. घरी आठवडाभर रोज पाच मिनिटं नेसून हिंडलं की भीती जाते. सोवळं रेशमी असेल तर मात्र घसरतं, आतून करदोटा नाहीतर सरळ पट्टा बांधा. लाज वाटून घेऊ नका.

लातूरचा
हे कामाचं बोललात. शेरवानी मी घालणारच, पण विधीला धोतर नेसून बघायला माझी ना नाही. ज्याला नेसवत नाही त्याला परंपराद्रोही ठरवू नका, एवढंच.

नथीचा आकडा
आणि पोशाखाचे पैसे ज्याचे त्यानं भरावेत. यावर काका अजून काही बोललेले नाहीत.

कोथरूडकर काका
ज्याचे त्यानंच भरावेत, यात दुमत कसलं? आमच्या भाच्याचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर आहे. धोतर आमच्या पैशानं, नागपूरहून मागवतोय. नेसवायला मी स्वतः उभा राहणार.

जुना अल्बम
भाच्याला विचारलंत का?

कोथरूडकर काका
अजून नाही.

रिकामा ताक्या
त्याला या धाग्याची लिंक पाठवू का?