माइल्सचं अडखळणं मुद्दाम आहे

काहींना वाटतं, ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ या ॲनिमेशनपटात (२०१८) नुकताच स्पायडर-मॅन झालेला माइल्स सुरुवातीला अडखळत हलतो, ही डिस्कची खराबी असावी. नाही हो, ते जाणूनबुजून केलंय! सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा, पण नवख्या माइल्सचं चित्र दोन फ्रेमला एकदाच बदलतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. मुरलेला स्पायडर-मॅन पीटर जंगलातल्या प्रसंगात शेजारून सरळ २४ चित्रांवर झेपावतो. परभणीला भाच्यासोबत तो प्रसंग मी चार-पाचदा थांबवून बघितला, लई भारी वाटलं. सिनेमाच्या ब्लू-रे डिस्कवरचा ‘अल्टरनेट युनिव्हर्स मोड’ तर चुकवूच नका. गाळलेले प्रसंग कच्च्या रेखाटनांसकट मूळ कथेत जागच्या जागी बसवलेत. एवढी मेहनत करून काढलेलं काय काय सोडून द्यावं लागतं, ते तिथं दिसतं. भाचा तेव्हापासून वहीच्या कोपऱ्यांवर उड्यांची चित्रं काढत बसलाय.