जुन्या गाडीच्या दाराची वाकडी हँडलं: तुमची कशी सरळ झाली?

गाडी जुनी झाली तरी विकायची नाही, नीट सांभाळायची, असं ठरवलेली बरीच मंडळी ठाणे-नवी मुंबईत आहेत. अशा गाड्यांमध्ये बाहेरची हँडलं लवकर थकतात. एक टोक वर आलेलं, ओढून सोडलं की अर्ध्यावरच राहणारं, मागच्या दाराच्या हँडलशी रेष न जुळणारं. गॅरेजमध्ये बहुतेकदा ‘नवीन टाका’ एवढंच ऐकायला मिळतं. तुमच्या गाडीत नेमकं काय बिघडलं होतं आणि कशाने सुधारलं, ते सविस्तर लिहा.

पाचपाखाडीकर
हँडलला हात लावण्याआधी दार तपासा. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं, म्हणून आधी तेच खाली बसतं. दार अर्धवट उघडायचं आणि मागची कड खालून धरून वर उचलायची. खाली-वर हललं तर बिजागरीची पिन आणि बुश (पिनेभोवतीची छोटी नळी) झिजलेत. मग कितीही नवीन हँडल आणा, रेष जुळणार नाही. आमच्या गाडीचं तेच झालं होतं. वागळे इस्टेटमधल्या एका वयस्कर डेंटरने पिन-बुश बदलले आणि हँडल न उघडताच सरळ दिसू लागलं. त्यांनी पैसेही फक्त तेवढ्याच कामाचे घेतले, याचं मला फार कौतुक वाटतं.

नेरूळ, सेक्टरातली
आमचं दार ठीक होतं, हँडलचं मागचं टोक मात्र बाहेर आलं होतं. काम घरीच केलं, म्हणून क्रमाने लिहिते. आधी काच पूर्ण वर घेतली. आतलं हँडल आणि आर्मरेस्ट यांच्यामागचे स्क्रू काढले, मग दाराच्या आतल्या पॅडच्या कडेच्या क्लिपा एकेक सोडवल्या. पॅड झटक्याने ओढू नका, काचेच्या स्विचची वायर आतून जोडलेली असते. मागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा अलगद सोलला. आत हात घालताना जाड हातमोजे हवेतच, पत्र्याच्या कडा कापतात.

हँडल आतून ज्या प्लॅस्टिकच्या बैठकीवर बसतं, तिलाच तडा गेला होता. बोल्ट घट्ट होता, पण त्याला धरायला काही उरलं नव्हतं. बैठक बदलली. हँडलपासून लॉकपर्यंत जाणाऱ्या सळीची क्लिपही ठिसूळ झाली होती, तीही नवीन घातली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॅड लावण्याआधी, दार उघडं असतानाच स्क्रू ड्रायव्हरने लॉकची जीभ दाबून बंद करा आणि बाहेरचं हँडल ओढून ती सुटते का पाहा. न तपासता दार लावलं आणि सळी सैल निघाली, तर दार उघडणं फार कठीण जातं. सळी जास्त ताणलेली असेल तर लॉक पूर्ण धरत नाही, आणि ते तर चालत्या गाडीत धोक्याचं.

ऐरोलीकर
आमचं हँडल ओढलं की परत बसायचं नाही. स्प्रिंग शाबूत होती, खाचेत धूळ आणि गंज साचला होता. साफ करून पांढरं ग्रीस लावलं, झालं.

घोडबंदरवाला
दार बंद केल्यावर पत्राच बाहेर राहत असेल, तर दाराच्या चौकटीच्या खांबावरचा स्ट्रायकर बघा, ज्यात लॉक अडकतं ते कडं. आधी मार्करने त्याभोवती रेघ मारा, स्क्रू थोडे सैल करा, किंचित आत सरकवा, पुन्हा घट्ट करा. रेघ असली की मूळ जागा हरवत नाही. पण बिजागरी झिजलेली असताना हे करू नका, लॉकवर भार येतो.

कोपरखैरणे
नेरूळच्या ताई, तो प्लॅस्टिकचा पडदा परत लावलात ना? आमच्याकडे मेकॅनिकने तो फाडून टाकला होता. पहिल्याच मोठ्या पावसात पायाखालचा गालिचा ओला.

नेरूळ, सेक्टरातली
हो दादा, ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावून चिकटवला. काचेच्या फटीतून दारात पाणी उतरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जायला हवं. तीही तारेने मोकळी केली.

कळव्याची आई
मागच्या दाराबद्दल एक. मुलांसाठी चाइल्ड लॉक लावलेलं असतं, म्हणजे आतून ते दार उघडत नाही. बाहेरचं हँडलही निकामी झालं तर दोन्हीकडून बंद. आमचं मागचं हँडल सैल झालंय. दुरुस्त होईपर्यंत चाइल्ड लॉक काढून मुलांना दुसऱ्या बाजूला बसवतेय. कळवा-खारेगाव भागात नुसती बैठक बदलून देणारं कोणी माहीत आहे का?