पानांखाली गेलेली वाट
पानगळीत पायवाट दिसेनाशी झाली की जीपीएसवर भर द्यावा, हे मत अर्धंच पटतं. दाट झाडीत जीपीएस सहज १०-१५ मीटर चुकतो आणि वापरात नसलेली वाट जेमतेम हातभर उरलेली असते. त्यापेक्षा जमीन वाचा. उतारावर आडवा खणलेला सपाट पट्टा पानांच्या थराखालीही पायाला कळतो. आडव्या ओंडक्याचं टोक करवतीने सरळ कापलेलं असेल, तर तिथे माणसांचा वावर होता. जनावरांच्या वाटा मात्र फसवतात. फांद्या वारंवार कमरेच्या उंचीवर आडव्या येऊ लागल्या, की ती वाट बहुधा त्यांचीच.

खूण हरवल्यास खात्रीच्या शेवटच्या जागी काठी रोवा, ती नजरेआड होऊ न देता दोन्ही बाजूंना ५०-५० पावलं शोधा. नाही सापडली तर परत फिरा. एकट्याने ‘पुढे लागेलच’ म्हणणं महागात पडतं.

४५ अंश अक्षांशाच्या आसपास दिवस पानगळीच्या दिवसांत रोज सुमारे ३ मिनिटांनी आखडतो, झाडीत अंधार त्याहून लवकर. सूर्यास्ताच्या दोन तास आधी जंगलाबाहेर येता येईल असंच गणित मांडा. उतरताना वेळ वाचेल हे गृहीत धरू नका: ओल्या पानांखालची मुळं दिसत नाहीत.