ओव्यांच्या चाली वहीत कशा धरायच्या?

ए-१०२ वहिनी: नमस्कार मंडळी. सासूबाईंकडून जात्यावरच्या ओव्या आणि आराध्यांची, म्हणजे देवीच्या भक्तांची, गाणी शिकायलेय. फोनमध्ये रेकॉर्डिंगची रास पडलीय, पण कुठली चाल कशात आहे ते सापडत नाही. वहीत शब्द आहेत, गायला बसलं की चाल निसटते. कुणी नीट नोंद ठेवतं का?

सी-३०१ अण्णा: एक्सेल शीट करा की वहिनी. गाण्याचं नाव, तारीख, फाइल नंबर. झालं.

बी-२०४ काकू: अण्णा, शीट चालेल, पण गाण्याच्या नावाने नको. जात्यावर एक चाल धरली की बाई तिच्यावरच पहाटभर ओव्या घालते. माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या. शब्द बदलतात, चाल तीच. म्हणून माझ्या वहीत एक पान एका चालीचं. वर लिहिलेलं असतं, 'मोहोळची आत्या, दळणाची, संथ'. खाली त्या चालीत बसणाऱ्या ओव्या. आणि आत्या दुसरी ओळ उचलताना मध्येच 'गं बाई' घालते, ते जिथल्या तिथे लिहायचं. छापील ओवीत ते गाळतात आणि मग चाल लंगडी पडते.
आराध्यांच्या गाण्यात मागच्या बायका झील (साथीची ओळ) कुठे धरतात, तिथेही खूण करा.

डी-४०२ सर: काकूंचं पटलं. त्यात पहिल्या ओळीची सरगम घाला. सासूबाई आज पेटीच्या काळी चार पट्टीत गातील, उद्या काळी तीनमध्ये, सरगम तीच राहते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाच्या स्वराला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाच्या स्वराला वर टिंब. सगळं गाणं उतरवायची गरज नाही, पहिली ओळ आणि चाल वर चढते ती जागा पुरे.

बी-२०४ काकू: सर, सरगमीत हेल येत नाही हो. आवाज जपायलाच हवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या वाचायला मिळतात. गाव, गाणारी बाई, विषय, सगळी नोंद आहे. पण आवाज त्यातल्या थोड्यांचाच आहे. बाकीच्यांचे शब्द वाचताना जीव तुटतो माझा, त्या बाईने ते कसं म्हटलं असेल म्हणून.
वहिनी, रेकॉर्डिंग सुरू झाल्या झाल्या आधी बोलून ठेवा: कोण गातंय, गाव कुठलं, कशाचं गाणं. फाइलचं नाव बदललं तरी आवाज सांगेल.

ए-१०२ वहिनी: हे आजच करते. पण शिकलेलं टिकत नाही त्याचं काय? नवीन घेतलं की मागचं त्यात मिसळतं.

बी-२०४ काकू: हादगा आठवा. १६ दिवसांचा हादगा, पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, शेवटच्या दिवशी १६. जुनी सगळी म्हटल्याशिवाय नवीन नाही. आम्ही पोरी कुठे वही घेऊन बसत होतो? तसंच करा. आणि न बघता म्हणता आली नाही त्या चालीच्या पानाला घडी घाला, दुसऱ्या दिवशी तीच आधी.
दोघींनी वेगळी चाल सांगितली तर दोन पानं करा. कुणाची चूक काढत बसू नका.

ए-१०२ वहिनी: अजून एक अडचण. सासूबाई नुसत्या बसून गातच नाहीत. 'हाताला काम नाही तर गाणं कुठून येतंय?' म्हणतात. चटणीला शेंगा कुटताना मात्र आपोआप सुरू होतात, पण त्या ठोक्यात दळणाची संथ चाल घाईत जाते.

बी-२०४ काकू: जात्याच्या फेऱ्यावरच ती लय बसते. आमच्याकडे जातं आहे, गच्चीच्या खोलीत. खुंटा ढिला झालाय तेवढा. नीट करून द्या कुणीतरी, रविवारी सकाळी दोघी या. ज्वारी मी आणते.

सी-३०१ अण्णा: खुंट्याला पाचर मी ठोकून देतो. शनिवारी संध्याकाळी येऊ का काकू?

बी-२०४ काकू: या. सहानंतर घरीच आहे.