मदत हवी आहे: एम ८७ च्या झोतामागचं भौतिकशास्त्र

मंडळी, आठवडाभर एका ठिकाणी अडलेय. एम ८७ दीर्घिकेच्या केंद्रातून निघणारा अतिवेगवान कणांचा झोत खगोलशास्त्रज्ञ हेबर कर्टिस यांनी १९१८ सालीच नोंदवला होता. हबलच्या फोटोत तो गाठी मारलेल्या निळसर दोरीसारखा दिसतो, लांबी सुमारे ५,००० प्रकाशवर्षं! मुळाशी साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर.

झोताला ऊर्जा कुठून मिळते याबद्दलची ब्लँडफर्ड आणि झ्नायेक या शास्त्रज्ञांची १९७७ ची कल्पना वाचली. फिरणारं कृष्णविवर भोवतीचं अवकाशच ओढत नेतं, चुंबकीय रेषांना पीळ बसतो आणि ऊर्जा अक्षाच्या दिशेने बाहेर पडते. ती खर्ची पडते कृष्णविवराच्या फिरकीतून. इथवर पटतं. पण सायकलच्या डायनॅमोत निदान तारेची गुंडाळी असते. कृष्णविवराला तर पृष्ठभागच नाही! मग पीळ बसताना रेषा धरून कोण ठेवतं, भोवतालची वायूची तबकडी का?

शिवाय झोत इतका अरुंद राहतो तो चुंबकीय आवळण्यामुळे, की बाहेरच्या वायूच्या दाबामुळे?

शनिवारी दहावीच्या मुलांना हे सांगायचंय. समीकरणांशिवाय कुणी समजावेल का? पाण्याच्या पाइपची उपमा मात्र नको, तिच्यात चुंबकत्व हरवतं.