मदत हवी आहे: संभाजीनगरात सलीम अली सरोवर बघायचंय, आईच्या गुडघ्याचं काय करू?

जालन्याहून येत्या रविवारी येतोय. सोबत पुतण्या, चौथीतला, त्याला पक्ष्यांचं लई वेड लागलंय, आणि आई. आईचे गुडघे दुखतात त्यामुळं लांब चालणं नाही, पायऱ्या तर नाहीच. सलीम अली सरोवराला जायचं ठरवलं होतं पण एक मित्र म्हणतो आत सोडतच नाहीत, दुसरा म्हणतो रस्त्यावरूनच दिसतं, आता कुणाचं ऐकू? सकाळी किती वाजता यावं? आणि डिसेंबरात तिथं काय दिसेल, कारण पुतण्या रोहितच (फ्लेमिंगो) पाहिजे म्हणून बसलाय.

प्रतिसाद:
दादा, आत जायला मिळेल याच्या भरवशावर निघू नका. दिल्ली गेटकडून हिमायतबागेकडं जाताना रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा बघून गाडी लावा अन् तिथूनच दुर्बीण लावा, आईंना चालावंच लागणार नाही. उजाडता उजाडता पोचा, नऊनंतर गाड्यांचा गोंगाट सुरू होतो. जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक, टिबुकली हे बारमाही, अन् कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरीही बघा. थंडीत थापट्या बदकासारखे पाहुणे येऊ शकतात. पाव-बिस्किटं टाकू देऊ नका पोराला, पक्ष्यांना ते बाधतं.

रोहितचं मात्र अवघडय. ते बघायचे तर पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, शहरापासून पन्नासेक किलोमीटर. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पण तिथंही धरण तुडुंब असलं की काठचा गाळ पाण्याखालीच राहतो अन् उथळ पाण्यात चरणारे पक्षी फारसे दिसत नाहीत, पुढं पाणी ओसरायला लागलं की मग मजा. यंदा पाणी कितीय ते बघून ठरवा, नाहीतर पोरगं रडत परत यायचं.

धागाकर्ता:
हे बेस्ट सांगितलं राव. मग रोहित फेब्रुवारीवर ढकलतो, त्याला पाणकोंबडीवर पटवावं लागेल, बघू. आईसाठी फोल्डिंगची खुर्ची घेतो. अजून एक, परतताना विद्यापीठामागं लेण्यांच्या डोंगराकडं मोर बघायला जायचा विचार आहे, रविवारी बाहेरच्यांची गाडी विद्यापीठाच्या गेटातून सोडतात का? कुणी हल्ली गेलं असेल तर सांगा.