मदत हवी आहे: मेडिकलचे इंग्रजी शब्द नेमके कुठे तोडायचे? (जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, पहिलं वर्ष)

नमस्कार.

मी जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. आधी जिल्हा परिषदेची शाळा, मग तालुक्याचं कॉलेज. बारावीपर्यंत सगळं मराठीतून झालं. इथे ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, फंडामेंटल्स, सगळी पुस्तकं इंग्रजीत. मॅडम मराठी-हिंदीत समजावून सांगतात, त्यामुळे विषय कळतो. अडतं ते शब्दांपाशी. एका पानावर वीस शब्द अडले की पानाचा अर्थ लागेपर्यंत रात्रीचे बारा वाजतात.

होस्टेलमधल्या एका सिनियर ताईंनी सांगितलं, "शब्द पाठ करू नकोस, शब्दाचे तुकडे पाठ कर." म्हणून दोनशे पानी वही केली. पुढच्या पानांवर शब्दाच्या सुरुवातीला लागणारे तुकडे, मधे अवयवांची नावं, मागच्या पानांवर शेवटाला येणारे. याचा खरोखर उपयोग झाला. 'आयटिस' म्हणजे सूज किंवा दाह, हे एकदा कळलं आणि टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, आर्थ्रायटिस एका रात्रीत झाले. 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढून टाकणं. 'हिस्टर' म्हणजे गर्भपिशवी, म्हणून हिस्टरेक्टॉमी. आमच्या गावाकडे बायका "पिशवी काढली" म्हणतात ना, तेच ऑपरेशन. हे जुळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

पण आता गाडी अडली आहे. एक तर शब्द कुठे तोडायचा तेच कळत नाही. हेपॅटायटिस मी 'हेपा' आणि 'टायटिस' असा तोडला होता आणि वहीत 'टायटिस' शोधत बसले. 'गॅस्ट्रो' म्हणजे जठर हे पाठ आहे, मग 'गॅस्ट्रायटिस'मधला 'ओ' कुठे गेला? आणि 'गॅस्ट्रोएन्टेरायटिस'मध्ये तो परत कसा आला?

दुसरं, एकाच अवयवाला दोन-दोन नावं का? किडनीचा आजार नेफ्रायटिस, पण किडनी बंद पडली की रीनल फेल्युअर. फुप्फुसाचा न्यूमोनिया, पण टीबीला पल्मनरी ट्युबरक्युलोसिस.

तिसरी गोष्ट सांगायला जड जातं आहे, पण त्यासाठीच हा धागा काढला आहे. मागच्या आठवड्यात फीमेल मेडिकल वॉर्डात पोस्टिंग होती. सकाळी डायबेटिसच्या एक आजी घामाने चिंब झाल्या, गाऊन पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते. इन्चार्ज सिस्टरांनी ग्लुकोमीटर लावला. शुगर ५२. "आजी हायपोत गेल्यात," असं म्हणत त्यांनी ग्लासात साखर विरघळवली, आजींना धरून बसवलं आणि घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी परत बोटातून रक्त घेऊन शुगर बघितली. मी शेजारी उभी होते, सगळं डोळ्यांनी बघितलं, आणि माझ्या वहीत लिहिलं: हायपर.

दुपारी सिस्टरांनी माझ्याकडून हँडओव्हर (पुढच्या ड्यूटीला द्यायची पेशंटची माहिती) म्हणवून घेतला तेव्हा ते उघड झालं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हायपर समजून पुढच्या ड्यूटीने इन्सुलिन दिलं असतं तर?" आजींना काही झालं नाही, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी, हे मला पाठ आहे. पाठ असूनही ऐन वेळी उलटं लिहिलं गेलं. हे असं डोक्यात बसवायचं कसं, की हात चुकणारच नाही?

कुणी याच वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

*

प्रतिसाद (निवृत्त शिक्षक, मराठी आणि संस्कृत)

नातीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतो. मी डॉक्टर नाही, पण तुझे पहिले दोन प्रश्न माझ्या विषयातले आहेत.

तू शब्द चुकीचा तोडलास कारण तू तो देवनागरीत तोडलास. देवनागरीत व्यंजनाला स्वर चिकटून एक अक्षर होतं, त्यामुळे सांधा अक्षराच्या पोटात लपतो. हेपॅट् (यकृत) + आयटिस. त्यातला ट् आणि आ मिळून 'टा' झाला. दहावीत 'सत् + आचार = सदाचार' असा संधी सोडवला होतास ना, तीच रीत इथे लाव. अक्षरावर सुरी ठेवू नकोस, व्यंजन आणि स्वर सुटे कर.

तो 'ओ' हा जोडस्वर आहे. दोन तुकडे बोलताना सुखाने जोडले जावेत म्हणून येतो. पुढचं प्रत्ययासारखं टोक व्यंजनाने सुरू होत असेल तर 'ओ' राहतो: गॅस्ट्र् + ओ + स्कोपी. स्वराने सुरू होत असेल तर गळतो: गॅस्ट्र् + आयटिस. मात्र दोन अवयव एकमेकांना जोडायचे असतील तर दुसरा स्वराने सुरू होत असला तरी तो बहुधा टिकतो. म्हणून गॅस्ट्र् + ओ + एन्टर् + आयटिस, जठर आणि आतडं दोन्हींचा दाह. तुझ्या वहीत अवयवांची नावं 'ओ'शिवाय लिही आणि 'ओ' शेजारी पेन्सिलीने. निम्मा गोंधळ तिथेच संपेल.

दोन नावांचं कोडं आपल्या घरातही आहे. दात दुखला तर दातदुखी, पण जातो दंतवैद्याकडे. पाणी पितो, पण पोटात पाणी झालं की जलोदर. बोलण्यातला शब्द एक, शास्त्रासाठी संस्कृतातून आणलेला दुसरा. इंग्रजीने शास्त्रासाठी दोन घरांतून शब्द आणले, लॅटिन आणि ग्रीक. रीनल, पल्मनरी ही लॅटिन विशेषणं. नेफ्रायटिस, न्यूमोनिया ग्रीक. ढोबळमानाने आजारांची आणि ऑपरेशनांची नावं ग्रीक तुकड्यांतून बनतात. वहीत अवयवापुढे दोन रकाने कर.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. १७८६ साली कोलकात्यात सर विल्यम जोन्स यांनी जाहीरपणे मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात. एकीतून दुसरी नव्हे, तिघी बहिणी. त्यामुळे तुझे कितीतरी तुकडे तुला आधीच येतात. अस्थि आणि ऑस्टिओ. नासिका आणि नेझल. दंत आणि डेंटल. पाद आणि पेडल. परिक्रमेतला 'परि' आणि पेरिकार्डियममधला 'पेरि', दोन्हींचा अर्थ भोवती. दुर्गंधातला 'दुस्' आणि डिस्प्नियातला 'डिस', दोन्हींचा अर्थ वाईट किंवा कष्टाने; डिस्प्निया म्हणजे धाप. पचनातला 'पच्' आणि पेप्सिनमधला 'पेप्' हे एकाच धातूतून आले. म्हणजे डिस्पेप्सिया म्हणजे जवळजवळ दुष्पचनच.

नकाराचा 'अ' तर नियमासकट सारखा आहे. व्यंजनापूर्वी अ, स्वरापूर्वी अन्: अज्ञान, पण अनंत. ग्रीकमध्येही हेच. ॲप्निया म्हणजे श्वास नाही, ॲनिमिया म्हणजे शब्दशः रक्त नाही. 'टॉम' म्हणजे कापणं. तुझ्या एक्टॉमीत तोच आहे, ॲनाटॉमीत तोच, आणि ॲटममध्येही तोच: जो कापता येत नाही, अच्छेद्य.

याच बहिणींमुळे तुझ्या तिसऱ्या प्रश्नालाही एक धागा मिळतो. हायपो म्हणजे आपला 'उप', हायपर म्हणजे आपला 'उपरि'. संस्कृतातही हे दोन शब्द एकमेकांसारखेच दिसतात, फरक शेवटच्या 'रि'चा. उपरिमध्ये र आहे, हायपरमध्ये र आहे, आणि 'वर' या शब्दातही र आहे. जिथे र ऐकू येतो तिथे शुगर वर.

*

प्रतिसाद (स्टाफ नर्स, चौदा वर्षं वॉर्डात)

सरांचा 'र' मी उद्यापासून आमच्या स्टुडंट्सना सांगणार. पण ताई, वॉर्डात नुसत्या युक्तीवर राहू नकोस. आवाज असतो, मास्क असतो, फोनवर शेवटचं अक्षर ऐकू येत नाही. मी हायपो-हायपर एकटं कधी बोलत नाही आणि एकटं लिहीतही नाही. "शुगर कमी, ५२" असं आकड्यासकट बोलायचं. समोरच्याने आकडा परत म्हणून दाखवायचा. आकडा ७० च्या खाली आहे आणि तुझ्या वहीत हायपर लिहिलंय, तर चूक तुला तिथल्या तिथे दिसते. शिवाय पेशंटकडे बघ. चिंब गाऊन आणि थरथरते हात हे हायपोचं चित्र आहे. तू ते बघितलंस, पण लिहिताना शब्द आठवत बसलीस. पुढच्या वेळी आधी चित्र आणि आकडा लिही, नाव मागून.

तुकड्यांची पद्धत चांगली आहे, मीही तशीच शिकले. पण काही तुकडे दगा देतात. 'इन' इन्सोम्नियात (झोप न येणं) 'नाही' असा आहे आणि इंजेक्शनमध्ये 'आत' असा. 'पेड' पेडलमध्ये पाय, पण पीडिॲट्रिकमध्ये मूल, कारण तो ग्रीकमधला वेगळाच शब्द. 'अँटी' म्हणजे विरुद्ध, अँटिबायोटिकमधला. 'अँटे' म्हणजे आधी, अँटेनेटलमधला, एएनसीतला (गरोदर बाईची तपासणी) पहिला ए तोच. इलियम नावाच्या दोन जागा आहेत, एक कमरेचं हाड आणि एक लहान आतड्याचा शेवटचा भाग. देवनागरीत लिहिलंस तर फरक राहतच नाही, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा आहे. म्हणून वहीत इंग्रजी स्पेलिंग हवंच.

टॉमी, ऑस्टॉमी, एक्टॉमी हे तिघे शेजारी लिहून ठेव. लॅपरोटॉमी म्हणजे पोट चिरून उघडणं. कोलोस्टॉमी म्हणजे मोठ्या आतड्याला पोटावर तोंड काढणं, स्टोमा म्हणजे तोंड. तिथे पिशवी लावतात ती बघितली असशील. एक्टॉमी म्हणजे काढूनच टाकणं. नातेवाईक दाराशी उभे राहून "काय केलं हो?" विचारतात तेव्हा या तिघांतला फरक आपल्याला पक्का माहीत लागतो.

औषधांच्या नावांना मात्र ही पद्धत लावू नकोस. तिथे अंदाज नाही. वाचायचं, विचारायचं, परत वाचायचं.

*

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर, ताई, मनापासून आभार. कालपासून वही परत लिहायला घेतली आहे, दोन रकाने करून, स्पेलिंगसकट.

आज ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) लिस्टवर 'कोलेसिस्टेक्टॉमी' दिसलं. पूर्वी असा शब्द दिसला की मी नजर खाली करायचे. आज तिथेच उभी राहून तोडला: कोले म्हणजे पित्त, सिस्ट् म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे काढणं. आणि सर, तेव्हा लक्षात आलं की आपला पित्ताशय पण अगदी असाच बनलाय, पित्त + आशय! शाळेत हा शब्द लिहिला होता, पण त्यात सांधा आहे हे कधी दिसलं नव्हतं.

एक शंका राहिली. लिस्टवर खाली 'सिस्टोस्कोपी' होतं. त्यात नुसतीच पिशवी आहे, कुठली ते सांगितलेलंच नाही. मग कुठली समजायची?

*

प्रतिसाद (स्टाफ नर्स)

बरोबर तोडलंस. आधी काही न जोडता नुसतं 'सिस्ट' असं आलं आणि शब्द तपासणीचा किंवा दाहाचा असला, तर लघवीची पिशवी. सिस्टोस्कोपी म्हणजे दुर्बिणीने मूत्राशय बघणं, सिस्टायटिस म्हणजे मूत्राशयाचा दाह. पण सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'ओव्हेरियन सिस्ट' दिसलं तर ती पाण्याची गाठ, तिथे मूत्राशय समजू नकोस. हे दोन्ही एकाच पानावर लिही.